मासिकांसाठी फ्रीलान्स फोटोग्राफी: विषय सुचवण्यापासून बिलाचे पैसे खात्यात येईपर्यंत

एडिटोरियल फोटोग्राफी म्हणजे मासिकात, साप्ताहिकात, दिवाळी अंकात किंवा त्यांच्या वेबसाइटवर लेखासोबत जाणारे फोटो. जाहिरात नाही, कॅटलॉग नाही, लग्न तर नाहीच. पैसे जाहिरातीपेक्षा कमी मिळतात हे खरं, पण फोटोखाली नाव छापून येतं आणि एरवी कुणी आत घेतलं नसतं अशा ठिकाणी दोन-दोन दिवस राहायला मिळतं. कॅमेरा चालवणं या कामात येणाऱ्या बहुतेकांना जमतंच, घोडं अडतं ते बाकीच्या गोष्टींत, म्हणजे विषय कुणाला आणि कधी सुचवायचा, लेखी काय घ्यायचं, कुठले फोटो आणले की पानं लागतात, कॅप्शन, बिल वगैरे. म्हणून सगळं क्रमाने लिहितेय आणि उदाहरण एकच धरतेय, कोल्हापूरकडचं गुळाचं गुऱ्हाळ.

आणि माझं ठाम मत सुरुवातीलाच सांगते, कॅमेरा बॅगेतून बाहेर काढायच्या आधी हक्कांचा मेल झालेला पाहिजे. का, ते पुढे सविस्तर येईलच.

पोर्टफोलिओ

इथे जास्त वेळ घालवू नका. २०-२५ फोटो पुरतात, पण त्यात किमान दोन स्टोऱ्या पूर्ण हव्यात, प्रत्येकी ८-१० फोटोंच्या. एक सूर्यास्त, एक म्हातारा चेहरा, एक कावळा असे सुटे सुंदर फोटो बघून संपादकाला काहीच कळत नाही, त्याला बघायचं असतं की एकाच विषयावर या माणसाला सहा पानं भरता येतात का. साधी वेबसाइट किंवा हलकी पीडीएफ चालते. ड्राइव्हची लिंक पाठवत असाल तर ती कुणालाही उघडेल अशी सेटिंग आधी तपासा, परवानगी मागत बसायला कुणाकडे वेळ नसतो.

विषय, आणि तो कधी सुचवायचा

ज्या मासिकाला लिहिणार त्याचे मागचे तीन-चार अंक हातात घेऊन बघा. फोटोंना किती पानं देतात, उभे फोटो जास्त की आडवे, बाहेरच्या फोटोग्राफरचं नाव दिसतं की सगळं एजन्सीकडून घेतात. संपादकीय मंडळाची नावं असतात त्या पानावर फोटो एडिटर किंवा आर्ट डायरेक्टरचं नाव सापडलं तर मेल त्यांना. बऱ्याच मराठी मासिकांत असं वेगळं पद नसतं, तिथे कार्यकारी संपादकाला लिहा.

'गुऱ्हाळावर फोटो-स्टोरी करायची आहे' ही पिच, म्हणजे संपादकापुढे ठेवायचा प्रस्ताव, नव्हे, हा नुसता विषय झाला. स्टोरी म्हणजे त्यात कुणीतरी माणूस आणि काहीतरी पणाला लागलेलं हवं. गुऱ्हाळात ते आहे, कारण काहीलीत, म्हणजे मोठ्या कढईत, उकळणारा रस नेमका कधी उतरवायचा हे गुळव्या, म्हणजे गूळ करणारा कारागीर, ठरवतो, थोडं आधी उतरवलं तर ढेप नीट बसत नाही आणि उशीर झाला तर गूळ करपतो, आणि हा निर्णय तो रंगावरून, बुडबुड्यांवरून आणि पाण्यात पाकाची गोळी होते का ते बघून घेतो. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, पण ते नाव ज्याच्या नजरेवर टिकून आहे त्या माणसाकडे कुणी फारसं बघत नाही. हे झालं सहा पानांचं काम.

आता वेळ. नवीन लोकांचं सगळ्यात जास्त इथेच चुकतं. मासिकाचा अंक छापायच्या बरंच आधी पक्का होतो, नंतर त्यात काही घेत नाहीत. जानेवारीच्या अंकात गूळ हवा असेल, संक्रांत असते म्हणून, तर फोटो डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पोचले पाहिजेत, म्हणजे शूट नोव्हेंबरमध्ये, आणि गुऱ्हाळं साधारण दसरा-दिवाळीच्या सुमारास पेटतात, म्हणजे मेल ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच जायला हवा. वारीचं तर अजून अवघड, आषाढीच्या अंकात जे फोटो दिसतात ते मागच्या वर्षीच्या वारीचे असतात, कारण यंदाची पालखी पंढरपूरला पोचायच्या आत अंक छापून झालेला असतो. म्हणजे यंदा शूट करायचं ते पुढच्या वर्षासाठी. दिवाळी अंकांची परंपरा १९०९ च्या 'मनोरंजन'पासूनची आहे, आणि आजही त्यांचं नियोजन उन्हाळ्यातच सुरू होतं, गणपतीच्या दिवसांत फोन केला तर सगळं ठरून गेलेलं असतं.

शक्य असेल तर मेल पाठवायच्या आधी एकदा स्वतः जाऊन या. फोनवर तीन-चार फोटो काढा, मालकाशी आणि गुळव्याशी बोलून या. 'परवानगी मिळालेली आहे' हे वाक्य मेलमध्ये असलं की वजन पडतं. मेल छोटा ठेवा, साधारण असा:

'नमस्कार, जानेवारी अंकासाठी एक फोटो-लेख सुचवते आहे. कोल्हापूरजवळच्या एका गुऱ्हाळात पहाटेपासून एक काहील उतरेपर्यंतचा प्रवास, आणि त्यातला गुळव्या, जो थर्मामीटरशिवाय पाक ओळखतो. शेवट मार्केट यार्डातल्या सौद्यांवर. गुऱ्हाळमालक आणि कामगार यांच्याशी बोलणं झालंय. १५ फोटो आणि कॅप्शन्स देऊ शकेन, मजकूर तुमच्या लेखकाचा किंवा ८०० शब्द माझे. शूट नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात. पाहणीचे चार फोटो आणि आधीच्या कामाची लिंक सोबत.'

एवढंच. आठ-दहा दिवसांनी एकदा आठवण करा, तरी उत्तर नाही आलं तर दुसऱ्या मासिकाकडे वळा. एकाच वेळी दोघांना तोच विषय पाठवू नका, दोघांनी हो म्हटलं तर एक जण कायमचा तुटतो.

हक्क: हा भाग दोनदा वाचा

फोटो मी काढला म्हणजे कॉपीराइट माझा, असं जवळजवळ सगळे धरून चालतात. आपल्याकडचा कॉपीराइट कायदा, १९५७ चा, त्याचं कलम १७ काढून वाचा. कुणाच्या सांगण्यावरून आणि मोबदला घेऊन फोटो काढला असेल, आणि वेगळं काही ठरलेलं नसेल, तर पहिला मालक काम देणारा असतो, फोटोग्राफर नाही. म्हणजे मासिकाने फोनवर 'करा, एवढे देऊ' म्हटलं, तुम्ही जाऊन शूट करून आलात आणि लेखी काहीच नाही, तर तुमच्या पुढे प्रदर्शनात लावण्याचा, पुस्तकात घेण्याचा, दुसऱ्याला विकण्याचा प्रश्न आला की तुमची बाजू लंगडी पडते. तेच फोटो तुम्ही स्वतःहून, स्वतःच्या खर्चाने आधी काढलेले असतील आणि नंतर मासिकाने छापायला घेतले, तर ते तुमचेच. सगळा फरक त्या 'वेगळं काही ठरलेलं नसेल तर' या शब्दांत आहे, म्हणून ते वेगळं काही आपण ठरवून घ्यायचं.

दहा पानी करार लागत नाही. होकार आला की त्याच मेलवर उत्तर द्या:

'धन्यवाद. कामाच्या अटी अशा धरते: फोटोंचा कॉपीराइट फोटोग्राफरकडे राहील. मासिकाला हे फोटो जानेवारी अंकात, त्याच लेखाच्या ऑनलाइन आवृत्तीत आणि त्या लेखाच्या सोशल मीडिया पोस्टमध्ये वापरता येतील. प्रसिद्धीपासून ९० दिवस मी हे फोटो दुसरीकडे देणार नाही. प्रत्येक फोटोसोबत किंवा लेखाच्या सुरुवातीला नाव. मुखपृष्ठ, जाहिरात, कॅलेंडर किंवा इतर प्रकाशनाला द्यायचे असल्यास वेगळं मानधन. कृपया "मंजूर" असं उत्तर द्यावं.'

आणि ते 'मंजूर' येईपर्यंत तिकीट काढू नका, खरंच सांगते. मोठ्या प्रकाशनसंस्था त्यांचा स्वतःचा करार पाठवतात, तो शेवटपर्यंत वाचा. 'सर्व हक्क कायमस्वरूपी, जगभरासाठी, सर्व माध्यमांत' असं वाक्य असेल तर विचारा की हे बदलता येईल का. पुष्कळदा बदलतात, फक्त कुणी विचारत नाही. कॉपीराइट हस्तांतर करायचं तर कायद्याने ते लेखी आणि सहीनिशी लागतं, त्यात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. फोटोवरचा कॉपीराइट फोटोग्राफरच्या हयातीनंतर ६० वर्षं टिकतो, २०१२ च्या दुरुस्तीनंतर, म्हणजे आज एका मेलमध्ये सोडून दिलेली गोष्ट तुमच्या नातवंडांपर्यंत जाणारी असते.

हा हट्ट माझा एकटीचा नाही. १९४७ मध्ये रॉबर्ट कापा, हेन्री कार्तिए-ब्रेसाँ आणि त्यांच्या सोबत्यांनी मॅग्नम ही फोटोग्राफरांची सहकारी एजन्सी काढली ती याच मुद्द्यावर, की फोटोंची मालकी मासिकाकडे न जाता काढणाऱ्याकडे राहावी. आणि नावाचं म्हणाल तर होमाई व्यारावाला, भारतातल्या पहिल्या महिला फोटोजर्नलिस्ट, जे.जे.मध्ये शिकलेल्या, त्यांचे सुरुवातीचे फोटो त्यांच्या नवऱ्याच्या नावाने छापून यायचे. नाव कसं आणि कुठे येणार हे आधी लिहून घ्या, स्पेलिंगसकट.

पैसे

दिवसाचा आकडा फेकू नका, पूर्ण कामाचा हिशोब मांडून द्या. पुढचे आकडे फक्त मांडणी कळावी म्हणून घेतलेत, बाजारभाव समजू नका. समजा शूटचे दोन दिवस, दिवसाला १२,००० प्रमाणे २४,०००. प्रवासाचा एक दिवस निम्म्या दराने ६,०००. निवड आणि प्रोसेसिंगचा एक दिवस ६,०००. झाली फी ३६,०००. खर्च वेगळा, रेल्वे, तिथली गाडी, राहणं, जेवण, सोबत मदतनीस असेल तर त्याचे, प्रत्यक्ष बिलांप्रमाणे, अंदाजे ११,०००. खर्चाची रक्कम आगाऊ मागा, बरेच जण देतात. बजेट कमी आहे असं म्हणाले तर फी पाडण्याऐवजी काम कमी करा, म्हणजे दोनऐवजी एक दिवस, १५ ऐवजी ८ फोटो.

काम रद्द झालं तर काय, हेही त्याच मेलमध्ये. निघायच्या आधी रद्द झालं तर झालेला खर्च आणि काही फी, शूट झाल्यावर रद्द झालं तर पूर्ण फी, असं मागावं. मुखपृष्ठाचे पैसे कायम वेगळे.

निघायच्या आधी

फोनवर दहा मिनिटं मागून घ्या आणि विचारा: किती पानं, सुरुवात दोन पानांवर पसरलेल्या फोटोने होणार का, मुखपृष्ठाची शक्यता आहे का, लेखक सोबत येणार का, कागद कुठला. शेवटचा प्रश्न लोक विचारत नाहीत, पण साध्या कागदावर काळोखी फोटो अजून काळे होतात आणि गुऱ्हाळ हे काळोख, धूर आणि आगीचंच काम आहे, तेव्हा सावल्यांत थोडा तपशील राखून प्रोसेस करावं लागतं.

परवानग्या जागेप्रमाणे बघा. खाजगी गुऱ्हाळात मालकाची पुरते, रेल्वेच्या हद्दीत, बंदरात, पुरातत्त्व खात्याच्या वास्तूत ट्रायपॉड लावायचा तर लेखी लागते आणि तिला दिवस जातात. ड्रोनचा मोह होतो, पण २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे २५० ग्रॅमच्या वरचा ड्रोन व्यावसायिक कामाला उडवायचा तर रिमोट पायलट प्रमाणपत्र लागतं, आणि जागा कुठल्या झोनमध्ये येते ते सरकारच्या डिजिटल स्काय पोर्टलच्या नकाशावर बघावं लागतं. कोल्हापूरला उजळाईवाडीचा विमानतळ आहे, त्याच्या आसपासचं गुऱ्हाळ असेल तर आधी नकाशा बघा.

प्रत्यक्ष शूट

पहाटे पोचा, घाणा सुरू व्हायच्या आधी. मालकाने हो म्हटलंय म्हणून कामगारांनीही म्हटलंय असं होत नाही, प्रत्येकाला सांगा की मी कोण, फोटो कुठे छापून येणार. पहिला थोडा वेळ कॅमेरा गळ्यात असू द्या पण नुसतं बघा, कोण कुठून ये-जा करतं, उकळता पाक कुठल्या बाजूने ओततात, तुम्ही कुणाच्या वाटेत येताय. हे सौजन्य म्हणून तर आहेच, पण उकळता पाक अंगावर उडाला तर चिकटून भाजतो, आणि जमीन मळीने निसरडी असते. पूर्ण बाह्या, बंद बूट, सिंथेटिक कपडे नकोत. रात्रीचं काम असेल तर तुम्ही कुठे आहात हे घरी आणि संपादकाला कळवून ठेवा.

थंडीतून आत आलात की लेन्सवर वाफ धरते आणि पुसली तरी परत धरते. कॅमेऱ्याची बॅग बंदच ठेवून अर्धा तास आत गरम जागेत राहू द्या, काच तापली की वाफ धरायची थांबते. काहीलीजवळ लेन्स बदलू नका, त्या वाफेत गोडवा असतो, सगळं चिकट होतं. म्हणूनच दोन कॅमेरा बॉडी, एकीवर ३५ मिमीची लेन्स, दुसरीवर ८५ ची, असं बरं पडतं. उजेड तिथे तीन जातींचा, चुलवाणातली आग, वरची ट्यूबलाइट आणि पत्र्याच्या फटीतून येणारं ऊन, तेव्हा रॉमध्येच, म्हणजे रंग नंतर सुधारता येतात अशा कच्च्या फाइलमध्ये, काढा आणि जमेल तिथे ट्यूब बंद करता येईल का विचारा. ओततानाची धार गोठवायची असेल तर सेकंदाच्या २५०व्या भागापेक्षा वेगवान शटर, आणि आगीचा रंग टिकवायचा तर एक्स्पोजर आगीवर बेतून घ्या, चेहरे नंतर थोडे वर काढता येतात.

आता काय काय आणायचं. सगळ्या कामाचा क्रम तर हवाच: उसाच्या मोळ्या, घाणा, रस, काहील, मळी काढणं, भेंडीचं पाणी टाकणं, वाफ्यात ओतणं, घोटणं, ढेप. पण क्रम म्हणजे स्टोरी नव्हे. जागा एका नजरेत कळेल असा एक मोठा फोटो हवा, वाळत घातलेली चिपाडं, धुराडं, पाठीमागे फड. गुळव्याचं एक शांत पोर्ट्रेट, कॅमेऱ्याकडे बघणारं. हातांचे आणि वस्तूंचे जवळून घेतलेले तीन-चार, पाण्यात पाकाची गोळी करणारी बोटं, भांड्यात काढलेली काकवी. माणसामाणसांतलं काहीतरी, चहा, चेष्टा, मालक आणि गुळव्याची रंगावरून चाललेली बोलाचाली. आणि शेवटचा फोटो, ज्यावर लेख संपेल, तो शक्यतो गुऱ्हाळाबाहेरचा, शाहू मार्केट यार्डातले सौदे. दिवाळी पाडव्याच्या मुहूर्ताचे सौदे मिळाले तर सोडू नका.

प्रत्येक महत्त्वाचा फोटो आडवा आणि उभा दोन्ही काढा, हे सवयीचं झालं पाहिजे. काही फोटोंत शीर्षकासाठी मोकळी जागा सोडा. दोन पानांवर जाऊ शकेल अशा फोटोत बरोबर मधोमध चेहरा नको, तिथे शिवण येते आणि नाक घडीत जातं. रिझोल्यूशनची काळजी फार करू नका, २४ मेगापिक्सेलचा फोटो ६००० बाय ४००० चा असतो, ३०० डीपीआयला २० बाय १३ इंच, म्हणजे ए-फोरची दोन पानं आरामात, फक्त निम्मा कापायची वेळ येऊ देऊ नका.

'दादा, परत एकदा ओता' असं म्हणू नका. सुटला तर पुढची काहील आहे. पोर्ट्रेटसाठी उभं राहायला सांगणं चालतं कारण वाचकालाही ते दिसतं, पण घडत असलेली गोष्ट घडवून आणायची नाही, आणि नंतर फोटोशॉपमध्ये काही काढायचं-घालायचं नाही, अगदी कोपऱ्यातली प्लास्टिकची बादलीसुद्धा.

संपादकीय वापराला मॉडेल रिलीज, म्हणजे फोटोतल्या माणसाचं लेखी संमतीपत्र, सहसा लागत नाही, जाहिरातीला लागतं. तरी नाव, गाव, वय, काम हे विचारून फोनवर त्यांच्याच आवाजात रेकॉर्ड करा, नावाचा घोळ होत नाही आणि संमतीही राहते. कामगारांची मुलं आसपास असतातच. ती खेळताना दिसली तर आईबापांना विचारून काढा, काम करताना दिसली तर ओळख पटेल असा फोटो छापायला देण्याआधी संपादकाशी बोला. बालन्याय कायदा, २०१५ मध्ये काळजी-संरक्षणाची गरज असलेल्या मुलांची ओळख उघड करायला बंदी आहे, आणि कायदा बाजूला ठेवला तरी त्या पोराच्या गावात तो अंक पोचणार असतो.

निवड, कॅप्शन, फाइल

त्याच रात्री दोन कॉप्या, वेगवेगळ्या डिस्कवर, आणि अंक हातात येईपर्यंत कार्डं पुसू नका. दुसऱ्या दिवशी ताज्या डोळ्यांनी ४० निवडा, मग १५-१८ वर या. एकसारखे दोन दिसले की एक काढा, नाहीतर नेमका कच्चा असतो तोच छापला जातो. आधी लहान आकाराचे, क्रमाने लावून पाठवा, त्यांची निवड आली की पूर्ण आकाराचे. व्हॉट्सॅपवर कधीही नाही, तिथे फोटो दाबला जातो आणि मग तोच छापायला जातो. फाइल आरजीबीमध्ये, म्हणजे स्क्रीनच्या रंगांत, कलर प्रोफाइलसकट द्या, सीएमवायके, म्हणजे छपाईच्या शाईचे रंग, त्यांच्या प्रेसप्रमाणे त्यांना करू द्या.

कॅप्शन म्हणजे फोटोत दिसतंय ते परत सांगणं नव्हे. 'गूळ तयार करताना कामगार' याचा कुणाला काय उपयोग? कोण, कुठे, कधी, नेमकं काय करतंय, आणि फोटोत न दिसणारी एक गोष्ट, जसं की 'पाकाचा थेंब थंड पाण्यात टाकून गुळव्या गोळी बघतो, गोळी जमली की काहील लगेच उतरवायची असते', सोबत त्याचं नाव, गाव, तारीख. हे सगळं फोटोच्या आतल्या आयपीटीसी माहितीत भरा, तुमचं नाव आणि कॉपीराइटची ओळही तिथेच. शिवाय एक वेगळी वर्ड फाइल द्या, कारण काही मराठी मासिकांचं पानं लावणं अजून श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टवर चालतं आणि युनिकोड मजकूर तिथे तुटतो. प्रूफ बघायला मागा. नाही म्हणतील कदाचित, पण नावं तरी तपासून मिळतात.

बिल

फोटो पाठवले त्याच दिवशी बिल. त्यात पॅन, खातं, आयएफएससी, कामाचं वर्णन, अंकाचा महिना, आणि 'वर ठरलेल्या वापरापुरतं' ही ओळ. पैसे प्रसिद्धीनंतर की फोटो स्वीकारल्यावर, हे आधी ठरवा, कारण अंक पुढे ढकलला जातो, कधी लेखच राहून जातो, आणि तुमचं काम तर झालेलं असतं. टीडीएस कापतील, व्यावसायिक फीवर साधारण १० टक्के, तो तुमच्या पॅनवर जमा झालाय का ते इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर बघा. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर सहसा जीएसटी नोंदणीची गरज पडत नाही.

उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योगांची सरकारी नोंदणी, मात्र करून ठेवा, फुकट आहे, आधारवर ऑनलाइन होते. २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे नोंदणीकृत सूक्ष्म उद्योगाचे पैसे काम स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, लेखी मुदत ठरलेली नसेल तर १५ दिवसांत, उशीर झाला तर बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज, आणि सरकारी पोर्टलवर ऑनलाइन तक्रार करता येते. तक्रारीपर्यंत जायची वेळ क्वचितच येते, बिलावर उद्यम क्रमांक आणि ४५ दिवसांची ओळ असली की अकाउंट्सवाले त्या बिलाकडे वेगळ्या नजरेने बघतात. आठवण संपादकाला न करता अकाउंट्सला करा, संपादकाला फक्त कॉपीत ठेवा.

९० दिवस संपले की फोटो परत तुमच्या हातात. हक्क राखले होते ते यासाठीच. गूळ दर संक्रांतीला लागतो, तेव्हा पुढच्या वर्षी नोव्हेंबरच्या अखेरीस यातले न छापलेले पाच-सहा काढून दुसऱ्या मासिकांच्या आणि पुरवण्यांच्या खाद्यविभागाला पाठवा, कॅप्शन्स तयार आहेतच.